पोत्याच्या पोटातला दाणा

पोरी, मुख्याध्यापिकेची खुर्ची मिळाली, छान झालं. शिकवणं तुला येतं, त्यात मी तोंड घालणार नाही. पण दहावीचा वर्ग कोणाच्या हाती द्यावा, कोण मनापासून राबतो आणि कोण नुसती तोंडपाटीलकी करतो, हे ओळखायचं काम निराळं असतं आणि बी.एड.ला ते कुणी शिकवत नाही. आधी नांदेडात, मग लातुरात नोकरी करताना जे पाहिलं, आपल्या अण्णांकडून जे ऐकलं आणि निवृत्तीनंतर निवांत वाचताना जे सापडलं, ते सांगते. पटेल तेवढं घे.

अण्णा लातूरच्या मोंढ्यात अडतीवर मुनीम होते, हे तुला ठाऊक आहेच. पोत्याच्या तोंडाशी हात घालून तूर बघणाऱ्या नवशिक्याला ते हसायचे. तोंडाशी निवडलेला माल आणि खाली खडे-माती, असं भरून आणणारे कमी नसतात. म्हणून पोकळ टोकदार नळी पोत्याच्या पोटात खुपसायची आणि तिथला दाणा तळहातावर घ्यायचा. मुलाखत हे पोत्याचं तोंड आहे. तिथं जे दिसतं ते दाखवण्यासाठीच मांडलेलं असतं. यात उमेदवाराची लबाडी नाही, रीतच तशी आहे.

आता होतं काय, उमेदवार आत येतो. कडक इस्त्रीचा शर्ट, खणखणीत आवाज, नमस्काराला ऐट. खुर्चीवर टेकायच्या आत आपलं मत बनून जातं, आणि पुढची सगळी मुलाखत त्या मताला साक्षीपुरावे गोळा करण्यात जाते. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२० साली याचा छडा लावला. लष्करातल्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा गोष्टींवर वेगवेगळी पारख करायला सांगितलेलं होतं. गुणपत्रकं पाहिली तर एका रकान्यात जो वर, तो बहुतेक सगळ्याच रकान्यांत वर. उंचापुरा गडी म्हणून हुशार, हुशार म्हणून सच्छील. आपल्याकडच्या सासुरवाशिणींना यातली उलटी बाजू कधीपासून माहीत आहे: नावडतीचं मीठ अळणी. मीठ तेवढंच असतं गं, जीभ आधीच रुसलेली असते.

यावर उपाय म्हणजे उमेदवार येण्याच्या आदल्या दिवशी कागद घेऊन बसायचं. या जागेला नेमकं काय लागतं, ते पाच-सहा ओळींत लिहायचं. ‘व्यक्तिमत्त्व’ असलं मोघम काही लिहू नकोस. ‘चुकलेल्या मुलाची चूक कुठं झाली ते सांगता येतं का’, ‘मागच्या शाळेत गैरहजर मुलांसाठी नेमकं काय केलं’, असं लिही. एका मुद्द्याचे प्रश्न संपले की त्याचे गुण तिथल्या तिथं मांडायचे, मगच पुढच्या मुद्द्याला हात घालायचा. डॅनियल कानेमन, ज्याला पुढं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यानं १९५५ साली अवघ्या एकविसाव्या वर्षी इस्रायली सैन्यासाठी हीच पद्धत बसवली होती. सहा गुण, प्रत्येकाचे वेगळे प्रश्न, प्रत्येकाला वेगळे आकडे. मुलाखत घेणारी तरुण मंडळी कुरकुरली की तुम्ही आमचं यंत्र करून टाकताय. तेव्हा त्यानं सांगितलं, सगळे आकडे मांडून झाले की शेवटी डोळे मिटा आणि हा शिपाई कसा निघेल त्याचाही एक आकडा द्या. पुढं पडताळलं तर नवी पद्धत जुन्या गप्पांपेक्षा चांगली ठरली, आणि तो डोळे मिटून दिलेला आकडासुद्धा कामाचा निघाला. आतला आवाज खोटा असतो असं नाही. त्याला शेवटी बोलू द्यावं, एवढंच.

आणि आकडे कागदावर पडेपर्यंत समितीत कुणीही तोंड उघडायचं नाही. हे जमवणं तुला सगळ्यात जड जाईल. उमेदवार दाराबाहेर पडला की अध्यक्ष चहाचा घोट घेत म्हणणार, “हां, पोरगा बरा वाटतोय.” मग विषयतज्ज्ञाला तो बराच वाटणार, तुलाही थोडा बरा वाटायला लागणार, आणि तीन माणसं मिळून एकाच माणसाचं मत तीनदा लिहिणार. अध्यक्षांना तोंडावर ‘बोलू नका’ म्हणता येत नाही, मला कळतं. म्हणून कागद आधी वाटून ठेव, ‘साहेब, आधी सह्या होऊ द्या, मग चहा’ असं हसत म्हण. चहा उशिरा आणायला सांगायचं. आमच्या जुन्या मोठ्या बाई हेच करायच्या.

आता पोत्याच्या पोटाकडं ये. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नावं आली, अभियोग्यता चाचणीचे गुण आले, तरी माणसासमोर मुलं बसव आणि शिकवायला लाव. त्याहून सोपी एक युक्ती आहे. पाचवी-सहावीच्या चुकलेल्या वह्या ठेवून घे. एका पोरानं एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहिलेलं असतं. ती वही उमेदवारापुढं सरकव आणि गप्प बस. एक म्हणेल, “चूक आहे, लसावि काढायला पाहिजे होता.” दुसरी वहीत डोकावेल, म्हणेल, “यानं वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. याला अपूर्णांक म्हणजे दोन सुटे आकडे वाटतात. याला आधी अर्धी भाकरी दाखवते. अर्ध्यात आणखी भर घालून उत्तर अर्ध्याहून कमी आलंच कसं, हे त्यालाच विचारते.” दुसरी आवाजानं बारीक असेल, साडी साधी असेल, मान खाली घालून बोलत असेल. तिला घे. गणिताला बाई नको म्हणणारे पालक येतील, त्यांना वर्गाच्या खिडकीबाहेर दहा मिनिटं उभं कर.

शक्य तिथं नावसुद्धा झाकायचं. आडनाव ऐकलं की आपल्या भागात पुढचं सगळं ऐकल्यासारखंच असतं. गाव, पाहुणे-रावळे, कोणाचा कोण, सगळा हिशोब डोक्यात सुरू होतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं: आपल्यातला अडखळला तर बिचारा घाबरला, परका अडखळला तर त्याला येतच नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो, ते उगाच नाही. तू लेखी काम घेतलंस तर त्यावरही क्रमांकच टाक, आणि नावं क्रमांकाशी जुळवायचं काम लिपिकाकडं ठेव.

बोलीचंही तसंच. देगलूर-बिलोली-धर्माबादकडची पोरं मराठी बोलताना तेलुगूचा हेल काढतात, उदगीरकडं कानडीचा येतो. तो हेल कानावर पडला की समितीतल्या शहरी माणसाच्या भुवया वर जातात. तू पुण्यात एम.एस्सी.ला होतीस तेव्हा ‘लई’ म्हणालीस म्हणून मैत्रिणी हसल्या होत्या, आणि फोनवर रडली होतीस. पहिल्या सहामाहीत त्याच मैत्रिणी तुझ्या वह्या मागायला आल्या. तेव्हा शुद्ध बोलणं हा गुण मोजायचा असेल तर मराठीच्या जागेसाठी मोज, आणि एकदाच मोज. विज्ञानाच्या माणसाचे त्यापायी गुण कापू नकोस.

आणखी एक, फार थोड्यांच्या ध्यानात येतं. प्रश्न विचारणारा नेहमी उत्तर देणाऱ्यापेक्षा शहाणा दिसतो. १९७७ साली अमेरिकेत ली रॉस आणि त्याच्या सोबत्यांनी विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. चिठ्ठ्या टाकून एकाला प्रश्नकर्ता केलं, दुसऱ्याला उत्तर देणारा. प्रश्नकर्त्यानं आपल्याला ठाऊक असलेल्यातलेच अवघड प्रश्न काढायचे. साहजिकच समोरचा बऱ्याच ठिकाणी अडला. नंतर विचारलं तर अडलेल्यालाही वाटत होतं की प्रश्न विचारणारा आपल्यापेक्षा बराच ज्ञानी आहे. चिठ्ठी उलटी निघाली असती तर पारडं फिरलं असतं, हे डोळ्यांसमोर घडूनही सुचलं नाही. तू आता कायमची प्रश्नकर्ती झालीस. शिक्षक तुझ्यापुढं चाचरतील, शिपाई चाचरेल. त्यावरून ते मठ्ठ आहेत असं समजू नकोस, आणि आपण फार हुशार आहोत असंही समजू नकोस. माझ्या ओळखीतले दोन-तीन मुख्याध्यापक त्याच समजात निवृत्त झाले.

पदवीचं म्हणशील, तर नांदेडात बसून पदवीवरून माणूस जोखणं हा विनोदच म्हणायचा. विचारवंत नरहर कुरुंदकर, १९३२ ते १९८२, अवघं पन्नाशीचं आयुष्य. कॉलेजच्या परीक्षेत हा माणूस पुन्हा पुन्हा नापास झाला. शाळेत मास्तरकी केली. पुढं त्याच नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि ‘श्रीमान योगी’ला रणजित देसाईंनी प्रस्तावना घेतली ती त्यांची. गुणपत्रिका बघून कुरुंदकरांना परत पाठवणारे त्या काळीही असणारच. पण पोरी, इथं दुसऱ्या बाजूचाही खड्डा आहे, आणि भाषणं करणारे त्यात हमखास पडतात. कुरुंदकर नापास झाले होते म्हणून नापास होणाऱ्यात कुरुंदकर लपलेला असतो, असं नाही. नापास होऊन तसेच राहिलेले आपल्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून उदाहरण एवढं झगमगतं. त्यांची खूण नापास होण्यात नव्हतीच, ती त्यांच्या वाचनात होती, आणि ती बघायची तर त्यांच्याशी तासभर बोलावं लागलं असतं.

तू म्हणशील, मग निकालावरून माणूस ओळखावा. काम बोलतंच की. बोलतं, पण नेहमी नाही. आणि हे आपल्या भागाइतकं कुणी महाग शिकलेलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक दमून झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंपानं किल्लारी हादरली. औसा तालुक्यात आणि पलीकडं सास्तूरच्या बाजूला गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसं गेली. जास्त माणसं कुठं गेली, तर दांडग्या वाड्यांत. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. गावात अशी भिंत म्हणजे मातब्बरीची खूण, आणि ती चढवणारा गवंडी म्हणजे मुरलेला कारागीर. कुडाच्या, हलक्या छपराच्या घरांतली गरीब माणसं मात्र बऱ्याच ठिकाणी वाचली. नंतर अभियंत्यांनी पडलेल्या भिंती पाहिल्या, तर बाहेरचा एक थर, आतला एक थर, मधे दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगडच नव्हता. थर सुटले, भिंत फुगली, माळवद खाली आलं.

आता त्या गवंड्याची पारख लोकांनी कशावरून केली होती? भिंत किती रुंद, दगडाचा चेहरा किती सफाईचा, आणि याच्या बापानं बांधलेलं घर चाळीस वर्षं उभं आहे यावरून. चाळीस वर्षं धरणी तशी जोरात हललीच नव्हती, तर चांगल्या गवंड्याचीही भिंत उभी राहणार आणि कच्च्या गवंड्याचीही. कसोटीच लागली नाही तिथं वर्षं मोजून काय कळणार? विचारायचा प्रश्न एकच होता: आरपार दगड किती अंतरावर घालतोस? तो उंचीत साधारण दर दोन फुटांना आणि लांबीत दर चार फुटांना एक लागतो. हा प्रश्न कुणाही शेतकऱ्याला विचारता आला असता, फक्त तो विचारायचा असतो हे ठाऊक हवं होतं. गवंड्यांना दोष देऊ नये. त्यांना तसंच शिकवलं गेलं होतं, आणि त्यातले कितीतरी आपल्याच भिंतींखाली गेले.

तुझ्या शाळेत अशी कामं आहेत. आग विझवायची नळकांडी भरणारा, सहलीच्या बसचा ड्रायव्हर, खिचडीचं धान्य साठवणारी मदतनीस, वर्गखोल्यांचा गुत्तेदार. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे यांच्या बाबतीत प्रमाणपत्र नव्हे. यांना आतलं विचार. बसवाल्याला विचार, ब्रेक शेवटचे कधी बघितले, कागद दाखव. गुत्तेदाराला विचार, स्लॅबवर पाणी किती दिवस मारणार. चांगला माणूस अशा प्रश्नानं खूश होतो, कारण त्याला ते कुणीतरी विचारावं असं वाटतच असतं. जो ‘बाई, काळजीच करू नका’ म्हणतो त्याची काळजी कर.

दुसरीकडं निकाल भरभरून दिसतो, पण तो त्या माणसाचा नसतो. मुखेड-कंधारकडच्या गावात दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात आणि पोरंही त्यांच्याबरोबर जातात. परत येतात तोवर वर्ष सरलेलं. त्या शाळेतल्या मास्तरचा निकाल आणि लातूर शहरातल्या मास्तरचा निकाल एका तक्त्यात मांडून काय कळणार? पोर आलं तेव्हा कुठं होतं आणि गेलं तेव्हा कुठं होतं, एवढं विचार.

याच तराजूत क्लासवाल्यांनाही घाल, कारण दहावी झाली की सगळे पालक तुझ्याच खोलीत येऊन विचारणार, ‘बाई, कुठं टाकू?’ लातूर पॅटर्नचं नाव झालं ते राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या ठिकाणी, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात. सराव परीक्षेवर सराव परीक्षा, मास्तर आणि पोरं दोघांचीही रगडपट्टी. त्यात कष्ट होते, मी नाही म्हणत नाही. आज लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगरात उभी राहिलीस तर डोक्यावर फलकच फलक, प्रत्येकावर हसरी पोरं आणि नीटला सातशेवीसपैकी किती गुण ते. फलकावर पोरं दिसतात, भागाकार दिसत नाही. त्या क्लासात बसली किती? त्यातली निवड परीक्षा घेऊनच आत घेतली किती? दहावीला पंच्याण्णव टक्केवाल्यांना फी माफ करून बोलावलं, आणि दोन वर्षांनी ती चमकली, तर श्रेय क्लासचं की त्यांना आधीच हेरणाऱ्या नजरेचं? २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पोरगं पास झाल्यावर त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो लावायचा नाही, आणि त्यानं कोणता कोर्स केला होता, किती मुदतीचा, पैसे भरून की फुकट, हेही सांगायचं. पालकांना सांग, क्लासात गेल्यावर पहिल्या येणाऱ्या पोराबद्दल विचारूच नका. तुमच्या लेकराएवढे गुण घेऊन मागच्या वर्षी आलेली पोरं आज कुठं आहेत, ते विचारा. उत्तर आलं तर बसा, नाहीतर उठा. आणि हैदराबादहून, कोट्याहून आलेले सर म्हणून दिपून जाऊ नका म्हणावं. पिकतं तिथं विकत नाही, ही आपली जुनी खोड.

वर्षअखेरचे गोपनीय अहवाल लिहिताना मात्र बाहेरचं कुणी फसवत नाही, आपणच फसतो. अहवाल मार्चनंतर लिहायचा, आणि डोळ्यांपुढं उभं राहतं जानेवारीतलं स्नेहसंमेलन. ज्यानं मांडव सजवला तो कर्तबगार. जून-जुलैच्या पावसात जी बाई रोज वेळेवर येऊन पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावत होती, ती आठवतच नाही. त्यासाठी एक साधी वही कर. प्रत्येक शिक्षकाला एक पान. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, वर्गात जाऊन पाहिलेली एक गोष्ट लिहायची. ‘चांगला’, ‘आळशी’ असे शब्द त्या वहीत नकोत. ‘आज तिसऱ्या तासाला मागच्या बाकावरच्या चौघांना फळ्यापाशी बोलावलं’ असं हवं. कुणावर रागावली असशील त्या दिवशी त्याचं पान उघडू नकोस.

नवीन माणूस नेमलास की त्याच वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहून ठेव: याच्याबद्दल मला काय वाटतं, वर्षानं हा कुठं असेल. वर्षानं उघड. नाहीतर मन लबाड असतं, चांगला निघाला की म्हणतं ‘मी तेव्हाच ओळखलं होतं’, वाईट निघाला तरी म्हणतं ‘मला तेव्हाच शंका आली होती’.

सोमवारी विज्ञानाच्या जागेच्या मुलाखती आहेत म्हणालीस. आठवीच्या वर्गाला जो धडा अजून शिकवून झालेला नाही, तोच सगळ्या उमेदवारांना दे. झालेला दिलास तर पोरं पटापट हात वर करतील, आणि त्यांना आधी शिकवणाऱ्या बाईंचं श्रेय उमेदवाराला गेलं तरी ते तुला कळायचं नाही. एका उमेदवारासमोर बसलेली पोरं दुसऱ्या उमेदवारासमोर बसवू नकोस, तुकड्या बदल. आणि पोरांना आधी सांगून ठेव की समजलं नाही तर मान डोलवायची नाही.